वाडी

वाडी (स्त्री.; अनेकवचन वाड्या) : कुंपणातली लहान बागायत; तसेच मूळ गावापासून सुटी असलेली छोटी वस्ती. संस्कृत 'वाट' म्हणजे आवार, राखलेली जागा. त्याचे लहानपण दाखवणारे रूप 'वाटिका'. दोन स्वरांमधला 'ट' प्राकृतात 'ड' होतो. घोटकाचा घोडा झाला, वटाचा वड झाला, तशी वाटिकेची वाडी झाली. वाडा आणि गुरांचे वाडगे हे याच घरातले. रस्ता या अर्थाची 'वाट' मात्र परकी. ती 'वर्त्मन्'पासून आलेली.

गगनबावड्याहून करूळ घाट उतरला की वैभववाडी लागते. खाली कोकणात वाडी म्हणजे वस्तीही आणि नारळी-पोफळीची बागही. वर कोल्हापूरकडे बागेचा अर्थ जवळजवळ गळाला आणि वस्तीचा उरला. शेताला इथे दुसरेच शब्द. 'दादा कुठं गेल्यात?' 'रानात.' विहिरीच्या पाण्यावरचे रान तो मळा, नदीकाठचे गाळाचे ती मळी, नि सुटा तुकडा तो डाग. भावकीत वाटण्या होत होत डाग चार-पाच गुंठ्यांवरही येतो. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद; असे ४० गुंठे म्हणजे एकर.

कोल्हापूर शहरातल्या कदमवाडी, जाधववाडी या नावांत मात्र आडनाव आधी येते आणि वाडी मागून. टेंबलाईवाडी देवीच्या नावाने. शाहूवाडी तर आख्खा तालुका. त्याला वाडी म्हणायचे ते केवळ नावापुरते. कुंपणाचा जुना अर्थ शोधायचा तर पश्चिमेच्या डोंगरातले धनगरवाडे पाहावेत. तिथला वाडा चिरेबंदी नव्हे. चार-दोन घरे आणि जनावरांचे आवार, एवढाच.

एवढ्या वाड्या असूनही कोल्हापुरात नुसते 'वाडीला जाऊन आलो' म्हटले की ती एकच, शिरोळ तालुक्यातली नृसिंहवाडी, म्हणजे नरसोबाची वाडी. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचे हे दत्तस्थान. नदीपलीकडे कुरुंदवाड आहे, त्यातला 'वाड'ही त्याच 'वाट'चा. दोन्हीकडे मळीची जमीन असल्याने कृष्णाकाठच्या वांग्यांचे नाव मोठे. वाडीहून परतणाऱ्याच्या पिशवीत पेढ्यांच्या पुड्याखाली किलोभर वांगी असतातच.