पोनी म्हणजे शिंगरू नव्हे!

'पोनी म्हणजे घोड्याचं पिल्लू, मोठं झालं की घोडा होतो.' शिकलेली माणसंही हे खात्रीने सांगतात. हे चूक आहे. घोड्याचं पिल्लू म्हणजे शिंगरू. पोनी म्हणजे आपलं तट्टू: पूर्ण वाढ होऊनही ठेंगणंच राहणारं. आपल्याकडचं भीमथडी तट्टू आठवा, म्हणजे वेगळं काही सांगायला नको.

तरीही शंका असेल, तर उत्तर वेल्सच्या उत्तर भागातल्या कोइड कोख या गढीवजा घरात आहे. नावाचा अर्थ 'तांबडं रान'. घर 1804 सालचं, पण नाव झालं ते तट्टांमुळे. 1924 साली मार्गारेट ब्रॉड्रिक या बाईंनी इथे वेल्श डोंगरी पोनींची पैदास सुरू केली. या जातीच्या पोनीची खांद्यापर्यंतची उंची जास्तीत जास्त 12 मुठी, म्हणजे जेमतेम 4 फूट. त्यातले नर वळू म्हणून वापरले जात, माद्यांना शिंगरं होत. पिल्लांना पिल्लं कशी होणार?

1978 मध्ये इथल्या सगळ्या पोनींचा लिलाव झाला. 'कोइड कोख बारी' हा वळू 21,000 गिनींना, म्हणजे 22,050 पौंडांना विकला गेला आणि थेट ऑस्ट्रेलियाला गेला. उद्या घोडा होईल या आशेवर एवढी रक्कम कुणी मोजली नव्हती. तट्टू म्हणूनच मोजली.

आणि ओळखायचं कसं? शिंगराचे पाय अंगाच्या मानाने लांबलचक, शेपूट तोकडं, झुबकेदार. तट्टाचे पाय आखूड, आयाळ दाट.