करवंदाचं विषारी भावंड

करवंदाच्या जाळीत हात घालताना भीती असते ती काट्यांची. पूर्व आफ्रिकेत करवंदाच्याच कुळातलं, अगदी जवळच्या नात्यातलं एक झुडूप आहे: अ‍ॅकोकँथेरा शिम्पेरी. फुलं तशीच सुवासिक, पिकलेली फळं तशीच जांभळी आणि खाण्याजोगी. काटे मात्र नाहीत. हवेत कशाला? साल, पान, लाकूड, मूळ, कच्चं फळ, सगळंच जहाल.

केनियातल्या त्सावो भागातले ‘वाटा’ जमातीचे शिकारी याच विषाने हत्ती पाडत. साल आणि लाकूड तासन्‌तास उकळायचं, डांबरासारखा काळा चिकटा उरला की तो बाणाच्या टोकाला थापायचा. वरून कातडं गुंडाळायचं, म्हणजे विष सुकत नाही आणि आपल्यालाच ओरखडा जात नाही. सोमाली भाषेत बाणाच्या विषाला ‘वाबायो’ म्हणतात. १८८८ मध्ये आर्नो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्यातलं मूळ द्रव्य वेगळं काढलं. ते झालं ‘वाबेन’.

आपल्या पेशींच्या आवरणात एक पंप अखंड चालू असतो. दर फेरीला सोडियमचे तीन आयन बाहेर, पोटॅशियमचे दोन आत. वाबेन नेमका हाच पंप अडवतं. आत सोडियम साचतं, त्यापाठोपाठ कॅल्शियम, आणि हृदयाचा स्नायू जास्त जोराने आकसू लागतो. थकलेल्या हृदयाला एवढा जोर हवाच असतो, म्हणून युरोपात हे द्रव्य इंजेक्शनने औषध म्हणून दिलं जाई. मात्रा जराशी चढली की ठोक्यांचा ताल सुटतो आणि हृदय थांबतं. आतड्यांतून मात्र वाबेन रक्तात फारसं उतरत नाही. त्यामुळे शिकारीचं मांस खाता येई. (आपल्याकडच्या कण्हेरीला हा हिशेब लावू नका, तिचं विष पोटातूनही मारतं.)

डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांना १९५७ मध्ये या पंपाचा माग लागला. हाती लागलंय ते म्हणजे हाच पंप, हे पटवायला पुढे वाबेनच कामी आलं. १९९७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

माणसाआधी कदाचित एका उंदरालाच या झुडपाचा शोध लागला असेल. पूर्व आफ्रिकेतला तुरेवाला उंदीर त्याची साल चावतो आणि विषारी लाळ कुशीवरच्या केसांना चोपडतो. हे केस जाळीदार, दिव्याच्या वातीसारखे विष शोषून घेणारे. हे संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. कुत्रा अंगावर आला की उंदीर पळत नाही. केस फिस्कारून कुशीच पुढे करतो.