चेक इंजिनचा दिवा आणि गाडीचं साल

काही शे रुपयांत मिळणारी निळ्या प्लास्टिकची ती डबी बहुतेकांनी पाहिलेली असते. पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांत मिळते, ऑनलाइन तर ढिगाने. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायची, मोबाइलला ब्लूटूथने जोडायची, की ॲपवर गाडीचे कोड दिसतात. निदान खोक्यावर तसं छापलेलं असतं. प्रत्यक्षात २०१६ च्या गाडीत ती लगेच बोलायला लागते, २००८ च्या गाडीत कनेक्टच होत नाही, आणि तिसऱ्या गाडीत एबीएस या ब्रेकच्या यंत्रणेचा पिवळा दिवा ढळढळीत पेटलेला असताना 'एकही फॉल्ट नाही' असं बिनदिक्कत सांगते. डबी तिन्ही वेळा तीच. तिसऱ्या गाडीचं कोडं कायद्याच्या मूळ हेतूत आहे आणि पहिल्या दोन गाड्यांमधला फरक त्यांच्या सालात. म्हणून स्कॅनरची किंमत विचारण्याआधी आरसी काढून गाडी कधीची आहे ते बघावं.

सॉकेट आणि कोडचा हा सगळा खटाटोप मेकॅनिकची सोय व्हावी म्हणून झालेला नाही. तो धुरापायी झाला. लॉस एंजेलिसवर साचणाऱ्या धुरक्याचं मूळ गाड्यांच्या धुरात आहे, हे हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दाखवून दिलं. मग कॅलिफोर्नियाने नियम आवळत नेले. १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकी गाड्यांत धूर साफ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दिसू लागले. पुढे आलेला तीन वायूंवर काम करणारा कन्व्हर्टर फार नखरेल निघाला: हवा आणि पेट्रोल यांचं वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी जवळ राहिलं, तरच तो नीट काम करतो. कार्ब्युरेटरला हे एकट्याने जमणारं नव्हतं. त्यामुळे सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर आला, त्याचं ऐकणारा संगणक म्हणजे ईसीयू आला, आणि सेन्सर बिघडला तर कळणार कसं, हा प्रश्नही आला.

सुरुवातीचं उत्तर अगदी गावठी होतं. जनरल मोटर्सच्या १९८० च्या दशकातल्या गाड्यांत १२ पिनांचं सॉकेट असे. त्यातल्या ए आणि बी या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या आणि डॅशबोर्डवरच्या दिव्याची उघडझाप मोजायची. एकदा लुकलुक, थोडा थांबा, मग दोनदा, म्हणजे कोड १२. तो आधी तीनदा यायचा, म्हणजे यंत्रणा शुद्धीवर आहे. पुढे खरे फॉल्ट. प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं आणि आकड्यांचा अर्थही वेगळा. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून अशी स्वयंतपासणी सक्तीची केली, तीच ओबीडी-१ (ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, म्हणजे गाडीतच बसवलेली तपासणी). कंपनीगणिक चाललेला गोंधळ मात्र तसाच राहिला. तो निस्तरला ओबीडी-२ ने. १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या मोटारींना १६ पिनांचं एकसारखं सॉकेट आणि सारखे कोड आले. युरोपात पेट्रोल गाड्यांना हे २००१ पासून लागू झालं.

कोडची रचना तेव्हापासून तीच आहे. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे चॅसी, बी म्हणजे बॉडी आणि यू म्हणजे संगणकांची आपसातली बोलाचाली. पी नंतर शून्य असलं तर अर्थ बहुधा सगळ्या कंपन्यांत एकच: पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर (पेट्रोल नीट न पेटणं), मग गाडी कोणाचीही असो. पी नंतर १ असला तर तो कोड कंपनीचा खासगी. स्वस्त ॲप त्याचा अर्थ अंदाजाने दाखवतं आणि बरेचदा भलत्याच कंपनीचा दाखवतं.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. कायद्याला फक्त धुराशी मतलब होता. म्हणून सक्ती झाली ती धुराशी संबंधित कोड कोणालाही वाचता येण्याची. एबीएस, एअरबॅग, पॉवर स्टिअरिंग, इमोबिलायझर हे त्या सक्तीबाहेर राहिले आणि त्यांची भाषा कंपन्यांनी आपल्याकडेच ठेवली. एबीएसचा दिवा पेटलेला असताना निळी डबी 'सगळं ठीक' म्हणते ती खोटं बोलत नसते. तिने ते दारच ठोठावलेलं नसतं.

आपल्याकडचं साल

भारतात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसंविरहित पेट्रोल १९९५ मध्ये आधी चार महानगरांत आलं. पुढचा आराखडा आखला तो डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने. माशेलकर तेव्हा सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते आणि त्याआधी पाषाण रस्त्यावरच्या एनसीएल या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे संचालक. समिती २००१ मध्ये नेमली गेली आणि २००३ च्या वाहन इंधन धोरणात तिच्या शिफारशी उतरल्या. मोठ्या शहरांना आधी कडक नियम आणि बाकी देशाला मागाहून, ही दोन वेगांची चाल त्यातलीच. पुणे कायम पहिल्या रांगेत होतं.

त्याचा स्कॅनरशी थेट संबंध आहे. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ (भारत स्टेज-४ हा धुराचा नियम) दिल्ली परिसरात आणि आणखी तेरा शहरांत लागू झालं. त्यात मुंबई, पुणे आणि सोलापूर होतं. उरलेल्या देशात तेव्हा बीएस-३ आलं. ओबीडी-१ ची सक्ती बीएस-४ ला जोडलेली होती. म्हणजे २०११ च्या एमएच-१२ किंवा एमएच-१३ पासिंगच्या गाडीला ओबीडी असणं भाग होतं, त्याच साली साताऱ्यात एमएच-११ पासिंग झालेल्या गाडीला नव्हतं. अनेक कंपन्या दोन्हीकडे एकच वायरिंग देत, हे खरं. तरी जुनी गाडी घेताना पासिंग कुठलं, हा प्रश्न नुसता टॅक्सचा राहत नाही.

भारतातल्या ओबीडी-१ चं काम मुख्यतः सेन्सरची वायर तुटली आहे का किंवा शॉर्ट झाली आहे का, एवढं पाहण्याचं. कन्व्हर्टर म्हातारा झाला, ऑक्सिजन सेन्सर सुस्तावला, सिलिंडर मधूनच मिस मारतोय, ही पारख सक्तीची झाली ती एप्रिल २०१३ पासून, ओबीडी-२ मध्ये. म्हणून २०११ च्या गाडीत कन्व्हर्टरचा पी०४२० कोड आला नाही, तर कन्व्हर्टर चांगला आहे असं समजू नये. ते तपासण्याची सोयच त्या गाडीत नसू शकते. इथे महागडा स्कॅनर लावूनही उत्तर तेच येणार. बीएस-४ देशभर झालं एप्रिल २०१७ मध्ये, बीएस-५ ला फाटा देऊन बीएस-६ आलं एप्रिल २०२० मध्ये आणि त्याचा दुसरा टप्पा एप्रिल २०२३ मध्ये. नवं मॉडेल बाजारात येण्याआधी दिवा खरंच पेटतो का, याची परीक्षा होते: मुद्दाम मिसफायर घडवायचा, सेन्सर काढून ठेवायचा, झिजवलेला कन्व्हर्टर बसवायचा. हे काम करणाऱ्या अधिकृत संस्थांपैकी एक, १९६६ ची एआरएआय, इथेच आपल्या वेताळ टेकडीवर आहे.

सॉकेटमध्ये डोकावून बघा

सालाइतकीच उपयोगी दुसरी गोष्ट फुकट आहे. टॉर्च घ्या आणि सॉकेटमध्ये बघा. ते बहुधा स्टिअरिंगखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या आसपास असतं. रुंद बाजू वर धरली तर वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८ आणि खाली ९ ते १६. सगळ्या खाचांत धातू नसतो. ६ आणि तिच्या बरोबर खालची १४ भरलेली असेल तर गाडी कॅनवर, म्हणजे संगणकांना जोडणाऱ्या दोन तारांच्या जाळ्यावर बोलते. या दोन रिकाम्या आणि ७ भरलेली असेल तर गाडी जुन्या, एका तारेच्या के-लाइनवर आहे. १६ वर बॅटरीचा पॉझिटिव्ह असतो, ४ आणि ५ वर निगेटिव्ह, म्हणजे अर्थिंग.

कॅन ही बॉशची १९८६ ची निर्मिती. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून तीच सक्तीची झाली. आपल्याकडे तशी तारीख नव्हती, म्हणून के-लाइनच्या गाड्या इथे बरीच वर्षं बनत राहिल्या. कॅनचा नेहमीचा वेग सेकंदाला ५ लाख बिट, के-लाइनचा १०,४००. त्यामुळे जुन्या गाडीत लाइव्ह डेटा अडखळत येतो. तो स्कॅनरचा दोष नव्हे.

निळी डबी २००८ च्या गाडीत का हटून बसते, ते इथे उलगडतं. या डब्यांचं मूळ ईएलएम३२७ ही चिप. कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सने ती मायक्रोचिप कंपनीच्या साध्या मायक्रोकंट्रोलरवर बनवली होती. पहिल्या आवृत्तीतला प्रोग्राम कॉपी होण्यापासून राखलेला नव्हता. तो उचलला गेला आणि नकला जगभर पसरल्या. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. नक्कल करणारे दोन पैसे वाचवायला के-लाइनसाठी लागणारे भाग बोर्डवरून गाळतात. कॅनच्या गाडीत काही कळत नाही, जुन्या गाडीत डबी मुकी. स्टिकरवर आवृत्ती १.५ लिहिलीय की २.१, याला काही अर्थ नाही. के-लाइनची गाडी असेल तर विकणाऱ्याला 'आयएसओ ९१४१ आणि केडब्ल्यूपी (के-लाइनच्या दोन भाषा) चालतं का' असं विचारावं आणि परत घेण्याची बोली करूनच घ्यावं. आयफोनवाल्यांनी आणखी एक बघावं: साध्या ब्लूटूथची डबी आयफोनला चालत नाही, वायफायची किंवा ब्लूटूथ एलई असलेली लागते.

डबीचा दिवाच लागला नाही, तर आधी फ्यूज. १६ नंबरच्या पिनेला बऱ्याच गाड्यांत सिगारेट लायटरच्याच फ्यूजमधून करंट येतो आणि मोबाइल चार्जरने तो उडालेला असतो. दिवा लागतोय पण कॅनची गाडी बोलत नाही, तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ६ आणि १४ मध्ये मल्टिमीटर लावा. साधारण ६० ओहम दिसायला हवेत, कारण वायरीच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर असतात. १२० दिसले तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ दिसले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग बहुतेकदा असंच सापडतं.

डबी, टॅबलेट की गॅरेज

२०१३ नंतरची पेट्रोल गाडी आणि फक्त चेक इंजिनचा दिवा, एवढंच काम असेल तर चांगली डबी पुरते. अट एकच: ॲपमध्ये नुसता कोड नको, फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणाचे आकडे) आणि फ्यूएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो) दिसले पाहिजेत. पी०१७१ घ्या. ॲप म्हणतं 'मिश्रण पातळ', आणि माणूस ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळा होतो. सेन्सरने फक्त चुगली केलेली असते. लाँग टर्म ट्रिम आयडलला अधिक २० टक्क्यांच्या वर आणि २,५०० आरपीएमला खाली येत असेल, तर इनटेकमध्ये कुठेतरी हवा ओढली जातेय, फाटलेला व्हॅक्यूम पाइप शोधा. उलट, लोडवर ट्रिम चढत असेल तर पंप किंवा फिल्टर पेट्रोल पुरवत नाही. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटची गाडी असेल तर हे आकडे पेट्रोलवर वेगळे आणि गॅसवर वेगळे बघावेत. किटचा ईसीयू स्वतंत्र असतो, त्याची केबलही वेगळी. गॅसचं ट्यूनिंग चुकलं की बोल पेट्रोलच्या सेन्सरना बसतात.

बीएस-६ डिझेलचं गणित निराळं. डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) काजळी किती, रीजनरेशन (ती जाळून टाकणं) शेवटचं कधी झालं, हे आकडे बहुतेक कंपन्यांनी आपल्याच भाषेत ठेवले आहेत. डेक्कन ते कोथरूड एवढीच रोजची फेरी असलेल्या गाडीत फिल्टर तापतच नाही आणि काजळी साचल्याचा पी२४६३ येतो. एक्स्प्रेसवेवर एकाच वेगाने सलग वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवून तो सुटला नाही, तर सक्तीचं रीजनरेशन करू शकणारा स्कॅनर लागतो, म्हणजे ऑटेल किंवा लाँचसारखा हजारो रुपयांचा टॅबलेट. एका गाडीपुरता तो घेणं परवडत नाही. गॅरेजला जावं. एबीएस आणि एअरबॅगसाठीही तेच. फोक्सवॅगन-स्कोडाच्या मालकांना मात्र व्हीसीडीएस नावाची खास केबल आहे, तिच्याने जवळजवळ सगळे मोड्यूल वाचता येतात. इलेक्ट्रिक गाडीला धूरच नाही, म्हणून ओबीडीची ठरावीक आज्ञा तिला बहुधा कळत नाही. दुचाक्यांना एप्रिल २०२० पासून ओबीडी-१ आली, पण बऱ्याच गाड्यांना सहा पिनांचं छोटं सॉकेट आहे, म्हणून वेगळी ॲडॉप्टर केबल हवी. ट्रकचं २४ व्होल्टचं सॉकेट कारसारखंच दिसतं. फक्त मधली खाच अखंड नसून तुटक असते, ती १२ व्होल्टचा प्लग आत जाऊ नये म्हणून. जोर लावून घुसवू नये.

स्कॅनर कुठलाही असो, आधी बॅटरी मोजावी: बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.५. मेलेल्या बॅटरीवर दहा-दहा कोड एकदम येतात आणि त्यातले नऊ भुताटकीचे असतात. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांसारखी स्थिती असेल, तर यू०१०० सारखे (ईसीयूशी संपर्क तुटल्याचे) कोड उडवून बघायची घाई करू नये. आधी कनेक्टर उघडून हिरवट गंज आहे का ते बघावं.

कोड उडवण्याचा एक उपयोग जुनी गाडी विकणाऱ्यांना चांगला ठाऊक आहे. ग्राहक यायच्या आधी दिवा विझवायचा. पण कोडबरोबर गाडीच्या स्वयंतपासण्यांचा निकालही पुसला जातो. ॲपमध्ये 'रेडिनेस' उघडा. तीन-चार तपासण्या 'अपूर्ण' दिसल्या, की कोणीतरी नुकताच हात फिरवलाय किंवा बॅटरी काढली होती. त्याखाली बऱ्याच गाड्यांत 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' असा आकडा मिळतो. ओडोमीटरवर ६२,००० आणि तिथे ११ किलोमीटर असं दिसलं, तर सौद्याआधी आठवडाभर गाडी चालवायला मागावी. बहुतेक दोष सलग दोन फेऱ्यांत दिसल्यावरच दिवा पेटतो. त्यामुळे ट्रायलला बालगंधर्व चौकापर्यंत जाऊन आलं तर तो विझलेलाच राहील.