मुंबईहून गावाकडे जाताना वैद्यकीय संशोधनातलं काम कसं मिळवायचं: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

नवऱ्याची बदली झाली, आईवडिलांना एकटं ठेवणं जमेना, अशा कारणांनी परळच्या प्रयोगशाळांतली माणसं गावाकडे जायचं ठरवतात, आणि पहिला प्रश्न सगळ्यांच्या तोंडी एकच असतो: तिथे माझ्या विषयाचं काम असेल तरी का? काम असतं. फक्त तालुक्याच्या गावात जाऊन चौकशी केल्यावर ते सापडत नाही. ग्रामीण भागातल्या बऱ्याच संशोधनाची दोरी शहरातल्या एखाद्या मोठ्या संस्थेच्या हातात असते. जाहिरात तिथून निघते आणि पुष्कळदा मुलाखतही तिथेच होते. त्यामुळे मुंबईत असतानाच अर्जाची तयारी करणं सोयीचं पडतं.

आधी संस्था, मग गाव

डहाणूचंच बघा. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाच्या योजनेतलं तिथलं मॉडेल रूरल हेल्थ रिसर्च युनिट परळच्या एनआयआरआरसीएच (प्रजनन व बालआरोग्य संशोधनाची राष्ट्रीय संस्था) या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, संस्थेशी जोडलेलं आहे. मुंबईच्या केईएमच्या आवारातल्या एनआयआयएच या रक्ताच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या संस्थेचं हिमोग्लोबिनच्या आजारांवरचं केंद्र चंद्रपूरला आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली आणि तिच्यामागेही टाटा मेमोरियलचा हात होता. याशिवाय सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय, गडचिरोलीची ‘सर्च’ ही संस्था, पुण्याजवळच्या वढू बुद्रुकचा पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचा कार्यक्रम आणि चिपळूण तालुक्यातलं डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे. तुम्ही जाणार तिथून रोज ये-जा करता येईल अशा अंतरावर यांतलं काय आहे, ते घर बघण्याआधी बघा.

मग आपलं कौशल्य तिथे कशाला उपयोगी पडेल ते ताडून पाहा. एचपीएलसीवर (रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर) हात बसलेल्या माणसाला सिकलसेलच्या कामात मागणी आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत आदिवासी भागातल्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं लक्ष्य आहे. संख्याशास्त्राच्या माणसाला कर्करोग नोंदणीची कार्यालयं आणि समूह-पाहणीचे प्रकल्प जवळ करतात. पेशीसंवर्धन किंवा फ्लो सायटोमेट्री (एकेक पेशी यंत्रातून तपासण्याचं तंत्र) करणाऱ्यांना मात्र मी स्पष्टच सांगेन की तेच काम जसंच्या तसं तालुक्याला मिळेल ही अपेक्षा धरू नका. नमुना गोळा करणं, त्यावर प्राथमिक प्रक्रिया करणं, तो थंड साखळीतून मुख्य प्रयोगशाळेत पोचवणं आणि गुणवत्ता सांभाळणं ही कामं तिथे असतात. त्यांना जाणकार माणूस लागतोच.

पदं, पात्रता, मानधन

आयसीएमआरच्या प्रकल्पांतली पदं ठरलेल्या नावांनी निघतात. प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट-१ या बिगर-वैद्यकीय पदासाठी प्रथम श्रेणीत पदव्युत्तर पदवी लागते, द्वितीय श्रेणी असेल तर सोबत पीएचडी. वयोमर्यादा ३५ आणि मानधन ५६,००० रुपये अधिक घरभाडे. त्याच पातळीवर एमबीबीएस उमेदवाराला ६७,००० रुपये अधिक घरभाडे. प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट-३ ला पदवी आणि तीन वर्षांचा अनुभव किंवा पदव्युत्तर पदवी चालते आणि मानधन २८,००० रुपये अधिक घरभाडे असतं. अनुसूचित जाती-जमातींना वयात पाच आणि ओबीसींना तीन वर्षांची सवलत आहे.

घरभाड्याकडे नीट लक्ष द्या. केंद्राच्या दरांनुसार मुंबईसारख्या एक्स वर्गातल्या शहराला ३० टक्के आणि झेड वर्गातल्या लहान गावाला १० टक्के मिळतात. म्हणजे ५६,००० वर मुंबईत १६,८०० आणि गावात ५,६००. तुमच्या प्रकल्पाला कोणती टक्केवारी लागू आहे ते जाहिरातीत वाचा आणि घरचा हिशेब त्या आकड्यावर करा. ही पदं कंत्राटी असतात, मुदत प्रकल्पापुरती असते आणि कायम होण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

दुसरी वाट जिल्ह्यातून जाते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या साथरोगतज्ज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ अशा पदांच्या जाहिराती जिल्हा परिषद काढते. तिथे अधिवास प्रमाणपत्र आणि बऱ्याच वेळा लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र मागतात. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या विषाणू संशोधन व निदान प्रयोगशाळांमध्येही रिसर्च सायंटिस्टची पदं असतात. त्यांच्या जाहिराती त्या त्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर बघायच्या.

कागदपत्रं

माणसं अडकतात ती इथे. माझ्या पहिल्या थेट (वॉक-इन) मुलाखतीला मी फाईल घेऊन बाकावर बसले होते. कागद तपासणाऱ्या बाईंनी माझं अनुभवाचं पत्र उचललं आणि त्यातल्या ‘सुमारे तीन वर्षे’ या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल केला. तारखा नव्हत्या, पूर्णवेळ होते की अर्धवेळ याचा उल्लेख नव्हता. तीन वर्षांचं काम त्या दिवशी शून्य धरलं गेलं. म्हणून सांगते, सध्याची नोकरी सोडण्याआधीच पत्र मागून घ्या. त्यात पदनाम, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख, कामाचं स्वरूप, सही आणि शिक्का हवाच. अनुभव पात्रतेची पदवी मिळाल्यानंतरचाच मोजतात, त्यामुळे निकालाची तारीख दिसेल अशी गुणपत्रिका सोबत ठेवा.

जातीच्या दाखल्याचा घोळ त्याहून मोठा. आयसीएमआर केंद्राची संस्था असल्यामुळे ओबीसींना नॉन-क्रीमी लेयर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याच्या नमुन्यातला चालत नाही. विमुक्त-भटक्या जमातींतल्या उमेदवारांची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर त्यांनी ओबीसी म्हणून अर्ज करायचा. राज्याचं एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण इथे लागू नाही. निकषात बसत असाल तर ईडब्ल्यूएसचा दाखला काढा. आर्थिक वर्ष बदललं की तो नव्याने काढावा लागतो. दाखला हातात पडायला वेळ लागतो, जाहिरात मात्र कधीकधी दहा दिवसांची असते. दाखला आधीच काढून ठेवा.

लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडा. सरकारी वा निमसरकारी नोकरीत असाल तर ना-हरकत पत्र लागतं. डॉक्टरांनी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीची मुदत बघावी. दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं आणि त्यासाठी वैद्यकीय शिक्षण कार्यक्रमांना हजेरी लावून मिळणारे ३० क्रेडिट लागतात. राज्यातल्या राज्यात गाव बदललं तर नवी नोंदणी लागत नाही. परराज्यात जाणार असाल तर ना-हरकत घेऊन तिथल्या कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. औषधांच्या चाचण्यांच्या कामाला गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं (अशा चाचण्या नीट कशा करायच्या याच्या प्रशिक्षणाचं) प्रमाणपत्र जोडा.

थेट मुलाखतीला मूळ कागद, स्वसाक्षांकित प्रतींचा एक संच आणि भरलेला अर्ज न्या. नोंदणीची वेळ टळली की आत घेत नाहीत. प्रवासखर्च साधारणपणे मिळत नाही. प्रश्न मात्र गावातल्या कामाचे येतात. मला विचारलं होतं, ‘लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईची संमती कशी घ्याल?’ तिला समजेल त्या बोलीत संमतीपत्र पूर्ण वाचून दाखवायचं, त्या वेळी संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा, तिचा अंगठा घ्यायचा आणि साक्षीदाराने तारखेसह सही करायची, हे तोंडपाठ असू द्या.

स्वतःचा प्रकल्प मांडायचा असेल तर

आयसीएमआरचं बाह्य अनुदान थेट एकट्या माणसाच्या हातात पडत नाही, यजमान संस्था लागते. स्वयंसेवी संस्था असेल तर तिच्याकडे डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची) मान्यता आहे का, हे आधी विचारा. करिअरमध्ये खंड पडलेल्या महिलांसाठी आरोग्य संशोधन विभागाची महिला शास्त्रज्ञ योजना आहे, पण तीही संस्थेमार्फतच.

संशोधनातल्या सहभागींचं हित जपणाऱ्या नैतिकता समितीचा प्रश्न गावात हमखास येतो. आरोग्य संशोधन करणाऱ्या संस्थेच्या समितीची नोंदणी आरोग्य संशोधन विभागाकडे लागते. औषधांच्या चाचण्यांना २०१९ च्या नियमांप्रमाणे केंद्रीय औषध नियंत्रकांकडे नोंदलेली समिती लागते. रुग्णालयाला स्वतःची समिती नसेल तर दुसरी नोंदणीकृत समिती चालते, पण ती त्याच शहरातली किंवा चाचणीच्या जागेपासून ५० किलोमीटरच्या आतली हवी. मुंबईतल्या ओळखीच्या समितीवर भिस्त ठेवून डहाणूला चाचणी मांडता येत नाही, अंतर शंभर किलोमीटरच्या वर जातं. चाचणीची सीटीआरआयवर (देशातल्या चाचण्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत) नोंद पहिला सहभागी घेण्याआधीच व्हायला हवी. प्राथमिक आरोग्य केंद्रात काम असेल तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या. तिची एक प्रत केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या.