'भार' आणि 'बर्डन' : एकाच धातूचा गोतावळा

बँकेच्या चेकवर नाव लिहायच्या ओळीच्या टोकाला 'ऑर बेअरर' असं छापलेलं असतं. चेक घेऊन येणारा तो बेअरर. यातल्या 'बेअर'चा मूळ अर्थ वाहणं, आणि ओझ्याला इंग्रजीत 'बर्डन' म्हणतात तेही त्याच घरातलं. जुन्या इंग्रजीत 'बर्डन'च्या मधोमध 'फादर'मध्ये येतो तसा मऊ 'द' होता. पुढे त्याचा 'ड' झाला. अर्भकाला पोटात वाहण्यावरून 'बर्थ', म्हणजे जन्म, हा शब्दही इथूनच आला.

आता संस्कृतकडे या. 'भृ' धातू, 'भरति' म्हणजे वाहतो. त्यातून 'भार'. मराठीत गवताचा भारा, भारी सामान, पोतं भरणं हे सगळं त्याच वंशातलं. म्हणजे 'भार' आणि 'बर्डन' एकमेकांचे नातलग आहेत.

पण हे कशावरून? नुसत्या कानाला सारखं लागण्यावरून नव्हे. फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा उच्चार जवळचा, अर्थही एकच. तरी दोघांचा काडीचा संबंध नाही. नातं ठरतं ते नियमानं. संस्कृतात शब्दाच्या सुरुवातीला 'भ' असेल, तर नातलग शब्दात ग्रीकमध्ये 'फ' (आपल्या 'फळ'मधला), लॅटिनमध्ये दात ओठाला लावून म्हटलेला 'फ' आणि इंग्रजीत 'ब' मिळतो. संस्कृत 'भ्रातृ' (आपला भाऊ), ग्रीक 'फ्रातेर', लॅटिन 'फ्रातेर', इंग्रजी 'ब्रदर'. 'वाहतो' याला संस्कृत 'भरति', तर 'मी वाहतो' याला ग्रीक आणि लॅटिन दोन्हींत 'फेरो'. फॉस्फरसमधला 'फरस' हाच: प्रकाश वाहणारा. आपल्या भुवईचं मूळ 'भ्रू', तिकडे इंग्रजीत 'ब्राउ'. एकामागून एक शब्द त्याच साच्यात बसत जातात, तेव्हा योगायोगाला जागा उरत नाही. डेन्मार्कच्या रास्मुस रास्कनं आणि 1822 साली जर्मनीच्या याकोब ग्रिमनं ध्वनिबदलाचे हे नियम नीट मांडले. भाषांचा अभ्यास शास्त्र झाला तो इथे, असं मला वाटतं.

त्याआधी 1786 मध्ये विल्यम जोन्स या ब्रिटिश न्यायाधीशांनी कलकत्त्यात सांगितलं होतं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, आणि तो उगम कदाचित आज अस्तित्वात नसेल. 'इंग्रजी संस्कृतातून निघाली' असे संदेश मोबाइलवर फिरतात, ते म्हणूनच चूक आहेत. संस्कृत ही इंग्रजीची आई नव्हे. फार तर खूप थोरली चुलती म्हणा.

दोघींची मूळ भाषा साधारण पाच-सहा हजार वर्षांपूर्वी बोलली जात होती. तिला लिपी नव्हती. नातलग भाषांतले शब्द शेजारी ठेवून अभ्यासकांनी तिच्यातला 'वाहणे' हा धातू 'भेर्' असा ठरवला आहे. तो छापताना आधी एक चांदणी काढतात: हा शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही, ताडून मांडलेला आहे, एवढं सांगण्यासाठी.