चंद्रावरून चीनची भिंत दिसत नाही

लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांत हातोहात फिरणाऱ्या सामान्य ज्ञानाच्या वह्यांत एक वाक्य ठाण मांडून बसलंय: चंद्रावरून दिसणारी एकमेव मानवनिर्मित वास्तू म्हणजे चीनची भिंत. पोरांनो, खोडा ते. हा दावा अमेरिकेत १९३२ मध्येच छापून आला होता आणि माणूस चंद्रावर उतरला १९६९ मध्ये; मग पाहिलं कुणी? भिंत हजारो किलोमीटर लांब खरी, पण रुंदी जेमतेम ५-६ मीटर, रंगही आसपासच्या मातीसारखा. एवढ्या दुरून लांबी कामाची नाही, रुंदी लागते. आपला पैठणचा नाथसागर कित्येक किलोमीटर रुंद, तरी सुमारे ३,८४,००० किलोमीटरवरच्या चंद्रावरून तोही नुसत्या डोळ्यांना ओळखू येणार नाही. चीनचाच अंतराळवीर यांग लिवेई २००३ मध्ये पृथ्वीभोवती फिरून आला, चंद्रापेक्षा कितीतरी जवळून. त्यालाही भिंत दिसली नाही, आणि त्यानं ते सरळ सांगितलं.