बी-१२ मोजणारं विरजण

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये गेल्या वर्षी दोन व्याख्यानं झाली. विषय दोन्हीचा एकच: शाकाहारी माणसाने बी-१२ हे जीवनसत्त्व कुठून मिळवायचं. पहिला वक्ता तरुण, चुणचुणीत. समोरच्या टेबलावर हिरव्या गोळ्यांच्या डब्यांची उतरंड. स्पिरुलिना नावाच्या शेवाळात मटणापेक्षा कितीतरी पट बी-१२ असतं असं त्याने सांगितलं आणि पडद्यावर प्रयोगशाळेचा अहवाल दाखवला. दुसऱ्या रांगेतून आमच्या इमारतीतले एक काका उठले. "आपलं शिक्षण काय?"

"मी मेकॅनिकल इंजिनिअर, पण गेली दहा वर्षं याच विषयाचा..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. चहा झाला, बटाटेवडे संपले, डबे होते तिथेच राहिले.

दोन महिन्यांनी दुसरं व्याख्यान. या वेळी वक्त्याच्या नावाआधी डॉक्टर आणि नावामागे तीन पदव्या. गोळ्या त्याच जातीच्या, दावा तोच, पडद्यावरचा अहवालही जवळपास तसाच. काकांनी काही विचारलं नाही. डबे खपले. एक काकांनीच घेतला.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात तीस वर्षं घालवली, त्यामुळे माझी नजर वक्त्याकडे नव्हती, अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेल्या एका ओळीकडे होती: ‘पद्धत – मायक्रोबायोलॉजिकल’. अहवाल खोटा नव्हता, आकडाही खोटा नव्हता. तरी दावा चुकीचा होता, आणि तो इंजिनिअरच्या तोंडी जितका चुकीचा होता तितकाच डॉक्टरांच्या तोंडीही.

पुण्यात हा विषय निघाला की हॉल भरतो, याला कारण आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या केईएम रुग्णालयातल्या सहकाऱ्यांनी पुणे शहर आणि आसपासच्या खेड्यांतल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांचं बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांचं. म्हणजे सदाशिव पेठेपासून बावधनपर्यंत ज्यांच्या घरी दोन वेळचं जेवण व्यवस्थित शिजतं, त्यांचीच अवस्था सर्वांत वाईट. गरज किती, तर दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम. मिठाचा एक बारीक कण याच्या कितीतरी पट जड असतो.

एवढंसं का मिळत नाही? कारण बी-१२ कुठलंही झाड बनवत नाही, कुठलाही प्राणी बनवत नाही. ते फक्त जीवाणू आणि त्यांचे दूरचे नातलग, आर्किया, बनवतात. गाईच्या नावावर वाट्टेल ते बाटलीत भरून विकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही: दुधातलं बी-१२ गाईचं कर्तृत्व नव्हे, तिच्या पोटातल्या जीवाणूंचं आहे, आणि तेही चाऱ्यातून कोबाल्ट मिळाला तरच. आपल्याही मोठ्या आतड्यात बी-१२ बनवणारे जीवाणू असतात. पण बी-१२ शोषून घेण्याची जागा त्याच्या अलीकडे, लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात आहे. स्टेशन मागे पडल्यावर गाडीत माल चढला, तर त्या स्टेशनाला त्याचा काय उपयोग?

शोषणाचा हा प्रवास मला फार आवडतो, तेव्हा जरा सविस्तर सांगतो. घास पोटात गेला की आम्ल आणि पेप्सिन मिळून बी-१२ ला अन्नातल्या प्रथिनांपासून सोडवतात. सुटलेल्या बी-१२ ला लगेच लाळेतून आलेलं हॅप्टोकॉरिन नावाचं प्रथिन पकडतं. पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला स्वादुपिंडाचा रस हॅप्टोकॉरिनला पचवून टाकतो आणि बी-१२ पुन्हा मोकळं होतं. आता ते दुसऱ्या एका प्रथिनाच्या हाती जातं, त्याचं नाव इंट्रिन्सिक फॅक्टर. हे जठराच्या भिंतीत तयार होतं. ही जोडगोळी काही मीटर प्रवास करून आतड्याच्या शेवटाला पोचते आणि तिथल्या पेशी जोडी ओळखूनच तिला आत घेतात. एकटं बी-१२ दारात आलं तर त्याला जवळजवळ प्रवेश नाही. पेशींवरची ही दारंही मोजकीच. एका जेवणात दीड-दोन मायक्रोग्रॅम आत गेलं की ती काही तास बंद. यापलीकडचं जे काही असेल त्यातलं जेमतेम एक टक्का नुसतं झिरपून आत जातं. बाजारातल्या गोळीवर १००० किंवा १५०० मायक्रोग्रॅम असा अवाढव्य आकडा दिसतो तो यामुळे. हजारातले दहा-बारा पदरात पडले तरी काम भागतं.

इंट्रिन्सिक फॅक्टर आहे हे कळलं कसं, ती गोष्ट जेवताना वाचू नका. बोस्टनमधल्या विल्यम कॅसल या तरुण डॉक्टरने १९२० च्या दशकाच्या अखेरीस स्वतः गोमांसाचा खिमा खाल्ला, तासाभराने तो पोटातून परत काढला आणि नळीने ‘पर्निशस अॅनिमिया’च्या, म्हणजे तांबड्या पेशी नीट न बनण्याच्या एका गंभीर आजाराच्या, रुग्णांना दिला. नुसत्या मांसाने त्यांचं रक्त सुधारत नव्हतं, कॅसलच्या पोटातून जाऊन आलेल्या मांसाने सुधारलं. अर्थ असा की निरोगी जठरात असं काहीतरी होतं जे रुग्णांच्या जठरात नव्हतं.

आता मुद्द्याची व्यक्ती: मेरी शॉर्ब. शिक्षण रोगप्रतिकारशास्त्रातलं, डॉक्टरेट. नोकरी मात्र अमेरिकी सरकारच्या डेअरी प्रयोगशाळेत, जीवाणूंची विरजणं सांभाळण्याची. दुसरं महायुद्ध संपलं, पुरुष परतले, तिची नोकरी गेली. मग मेरिलँड विद्यापीठाच्या कुक्कुटपालन विभागाने तिला बसायला जागा दिली आणि मर्क या औषधकंपनीने ४०० डॉलर. ‘आपलं शिक्षण काय’ या प्रश्नाला आमच्या काकांचं समाधान होईल असं उत्तर तिच्याकडे नव्हतं. आहारशास्त्र नाही, रक्तविकार तर नाहीच नाही.

पण विरजणं सांभाळताना तिने एक गोष्ट हेरली होती. लॅक्टोबॅसिलस लॅक्टिस डॉर्नर नावाचा जीवाणू, आपल्या दह्यातल्या जीवाणूंच्याच कुळातला, यकृताचा अर्क घातल्याशिवाय वाढतच नसे. त्या काळी पर्निशस अॅनिमियाच्या रुग्णांना यकृताचाच अर्क देत. त्यातला गुणकारी पदार्थ कोणता हे कुणाला माहीत नव्हतं आणि अर्काच्या प्रत्येक घाण्याची ताकद तपासायची तर आजारी माणसावरच तपासावी लागे. शॉर्बने तर्क केला: माझ्या जीवाणूला अर्कातलं जे हवंय आणि त्या रुग्णांना जे हवंय, ते एकच असेल तर? परीक्षानळीत सगळं पोषण घाला, फक्त तो एक पदार्थ घालू नका. मग अर्काचे थेंब टाका, काही तास उबेत ठेवा आणि नळी किती गढूळ झाली ते बघा. जितका गढूळपणा, तितका तो पदार्थ. रुग्णाची गरज उरली नाही. ही चाचणी हाताशी आल्यावर मर्कच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये लाल स्फटिक वेगळे केले. तेच बी-१२. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ग्लॅक्सोच्या लेस्टर स्मिथनेही ते मिळवलं. रेणूची पूर्ण रचना डोरोथी हॉजकिनने क्ष-किरणांच्या साहाय्याने १९५६ पर्यंत उलगडली: मधोमध कोबाल्टचा अणू, त्याभोवती कॉरिनचं कडं, आणि कड्याखाली लोंबणारी एक शेपटी. डायमिथाइलबेन्झिमिडॅझोल. नाव विसरलात तरी चालेल, शेपटी विसरू नका.

कारण सगळा घोटाळा शेपटीत आहे. काही जीवाणू हाच रेणू बनवतात पण शेपटी वेगळी लावतात, अॅडेनीनची. त्याला स्यूडो-बी-१२ म्हणतात. आपण तोतया बी-१२ म्हणू. आपला इंट्रिन्सिक फॅक्टर शेपटी तपासतो आणि तोतयाला शेकडो पटींनी ढिलं धरतो, म्हणजे जवळपास धरतच नाही. शॉर्बच्या विरजणाला मात्र असले नखरे नाहीत. आजही अन्नातलं बी-१२ मोजायला तिच्या जीवाणूचा भाऊबंद, लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकी, वापरतात. त्याला खरं चालतं, तोतयाही चालतो. दोन्हींवर तो वाढतो, नळी गढूळ होते आणि अहवालात आकडा उमटतो: बी-१२ इतकं इतकं. यकृतात, दुधात तोतया फारसा नसतो, त्यामुळे तिथे हा आकडा चालून जातो. पण स्पिरुलिना हे तर ‘शेवाळ’ म्हणवून घेणारे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जीवाणूच. जपानमध्ये फुमिओ वातानाबे यांच्या गटाने १९९९ मध्ये स्पिरुलिनाच्या गोळ्या तपासल्या, तेव्हा ‘बी-१२’ म्हणून मोजल्या गेलेल्यापैकी सुमारे ८३ टक्के तोतया निघालं.

याआधीच, १९९१ मध्ये, नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात बी-१२ ची कमतरता असलेल्या, मॅक्रोबायोटिक (धान्य-भाज्यांचा, प्राणिजन्य पदार्थ जवळपास टाळणाऱ्या) आहारावरच्या लहान मुलांना समुद्री शेवाळ आणि स्पिरुलिना देऊन पाहिलं होतं. रक्तातला बी-१२ चा आकडा वाढला. तांबड्या पेशींचा आकार मात्र बिघडतच गेला. हे वाक्य मी वर्गात दोनदा सांगत असे. शेवाळावरचा अहवाल फसतो तसा कधीकधी रक्ताचा अहवालही फसतो. पेशीच्या आत काम चाललंय की नाही ते बघायला होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक आम्ल मोजावं लागतं. बी-१२ कमी पडलं की ही दोन्ही रक्तात साचतात.

मग पदवीला अर्थ नाही का? आहे, पण काकांना वाटतो तिथे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने आरोग्यविषयक सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरांसाठी नियम काढले. आपण प्रमाणित वैद्यकीय किंवा आरोग्यतज्ज्ञ आहोत असं सांगत बोलायचं तर पात्रता उघड करा. ठीकच केलं. परवाना असलेला माणूस चुकला तर निदान कुठेतरी त्याची तक्रार करता येते. आहारतज्ज्ञांनाही आता २०२१ च्या कायद्याने अशा चौकटीत आणलं आहे. शिवाय माझ्या मूत्रपिंडाचं काय चाललंय, मी मेटफॉर्मिन घेतो का (मधुमेहाची ही गोळी बरीच वर्षं घेतली तर बी-१२ चं शोषण कमी होतं), हे समोर बसवून विचारणारा माणूस शिकलेलाच हवा. तिथे मी इंजिनिअरकडे जाणार नाही आणि तुम्हीही जाऊ नका.

पण हॉलमध्ये शंभर जणांसमोर केलेला दावा ही वेगळी वस्तू आहे. तो बोलणाऱ्यापासून सुटा करून तपासता येतो. जॉर्ज व्हिपल यांचंच बघा. कुत्र्यांचं रक्त काढून त्यांना अशक्त करायचं आणि कशाने ते लवकर भरून येतं ते बघायचं, असे त्यांचे प्रयोग होते. यकृताने छान भरून येई. त्यावरून सुचून मायनॉट आणि मर्फी यांनी माणसांवर यकृत वापरलं, पर्निशस अॅनिमिया हटला आणि १९३४ चं नोबेल तिघांना मिळून मिळालं. पुढे कळलं की व्हिपल यांच्या कुत्र्यांना फायदा झाला तो यकृतातल्या लोहाचा. बी-१२ चा तिथे संबंधच नव्हता. निष्कर्ष उपयोगी पडला, कारण निराळंच निघालं, आणि ते कळलं कारण नोबेल मिळाल्यावरही लोक तपासत राहिले.

त्या इंजिनिअर मुलाला मी नंतर फोन केला. तोतयाची गोष्ट त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "म्हणजे ही पद्धतच चुकीची?" नाही, म्हटलं, पद्धत उत्तम आहे, यकृतासाठी बनवलेली आहे. त्यावर तो जरा वेळ गप्प राहिला. डॉक्टरांना पाठवलेल्या ईमेलला उत्तर आलेलं नाही.

काकांनी तीन महिने नेमाने हिरव्या गोळ्या घेतल्या. रक्ततपासणीत बी-१२ काठावर पास झालं आणि ते कागद घेऊन माझ्याकडे आले, विजयी मुद्रेने. मी होमोसिस्टीन तपासून घ्या म्हटलं. नाइलाजाने तपासलं. पंधराच्या आत हवं ते चाळीसच्या पुढे होतं. त्यांच्या डॉक्टरांनी बाकीची कारणं तपासली आणि इंजेक्शनं सुरू केली. उरलेला डबा काकूंनी गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत रिकामा केला. झाडाला बी-१२ लागत नाही, पण स्पिरुलिनात प्रथिनं भरपूर, म्हणजे नायट्रोजन भरपूर. नवी पालवी फुटली आहे.